मागं सरकणारे रामटेकेभाऊ

मागच्या आठवड्यात आमच्या सेक्शनला नव्यानं आलेली एक इंजिनिअर मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. जुना लहान सेन्सरचा कॅमेरा सोडून ती मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घेणार होती, आणि लेन्स कोणत्या घ्याव्यात हे तिला माझ्याकडून हवं होतं. मला फोटोग्राफीतलं कळतं असा एक गैरसमज जवाहरनगरच्या वसाहतीत अजून टिकून आहे. तो मी बरीच वर्षं कष्टानं जोपासलाय. मी फाइल बाजूला सारली, चष्मा काढून पुसला, आणि फोकल लेंथपासून अपर्चरपर्यंत सगळी वाजंत्री वाजवायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं भलतंच. मी म्हणालो, "आधी सांग, तुमच्या घरची बैठक केवढी आहे?"

ती गोंधळली. मीही गोंधळलो, कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते रामटेकेभाऊंचं होतं. रामटेकेभाऊंना जाऊन आता दुसरा उन्हाळा लागेल. हृदयाचं दुखणं होतं, फार त्रास न होता गेले. माणूस गेला तरी त्याची वाक्यं आपल्या तोंडात अशी भाड्यानं राहत असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

उत्तम रामटेके आमच्या फॅक्टरीत चार्जमन होते आणि मी ऑफिसात क्लार्क. म्हणून ते मला भुरेबाबू म्हणत, आणि 'बाबू'वर असा काही जोर देत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस लाटसाहेबाच्या कचेरीतून आलाय. देहानं ते चांगले भरदार. मोपेडवर बसले की मोपेड दिसेनाशी व्हायची, आणि पाठीमागून ट्रायपॉडचे पाय असे निघालेले असत, की लांबून पाहणाऱ्याला कुणी खाट उलटी करून नेतंय असं वाटायचं. लेन्स ठेवायला खास बॅगा मिळतात, पण त्यांना त्या पटत नसत. मुलीची तान्हेपणीची लोकरीची टोपडी आणि मोजे त्यांच्या पत्नी निर्मलावहिनींनी जपून ठेवले होते, त्यात ते लेन्स गुंडाळायचे. एखाद्या मंगल परिणयात, सगळे उभे राहिलेले असताना, भाऊ थैलीतून गुलाबी टोपडं काढायचे आणि त्यातून काच बाहेर यायची. नवरीकडच्या बायकांना हसू आवरायचं नाही.

फोटो काढायची त्यांची एक पद्धत होती. पहिला फोटो ते लेन्सचं झाकण न काढताच काढत. समोरचा माणूस छाती फुगवून, हनुवटी वर करून, लग्नातल्या गणवेशासारखं एक तोंड धारण करून उभा असायचा. भाऊ खटकन बटण दाबायचे, मान डोलवायचे. मग तो माणूस सैल पडायचा, आणि तेव्हा कुठं भाऊ झाकण काढायचे. पहिल्यांदा त्यांचं हे पाहिलं तेव्हा मी मोठ्या आपुलकीनं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, की झाकण राहिलंय. ते म्हणाले, "पयला फोटो वायाच जाते ना, भुरेबाबू. मंग कार्ड कायले भरवा?"

'हसा' असं ते कुणाला म्हणत नसत. ते विचारत, आज भाजी कोणती केली. आता हा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर देताना माणसाला खोटं तोंड करता येत नाही. समोरचा सांगायला लागला की भाऊ फोटो काढून घ्यायचे. त्यामुळे आमच्या वसाहतीतल्या निम्म्या लोकांचे ओठ त्यांच्या सगळ्यात चांगल्या फोटोत 'वांगे' म्हणताना थांबलेले आहेत. माझ्या साळ्याच्या लग्नातला माझा स्वतःचा एक फोटो आहे. त्यात मी विचारमग्न, थोडासा तत्त्वज्ञासारखा दिसतो. मी तेव्हा आठवत होतो, की आज आलूवांगं होतं की नुसता आलू.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी फोटो कमी काढायचो आणि फोटोबद्दल जास्त वाचायचो. एकदा मनात आलं, की आपले फोटो चांगले येत नाहीत याचं कारण आपला सेन्सर लहान आहे. दुसरं काही कारण असू शकतं ही शंकाही मला शिवली नाही. मग मी फुल फ्रेमच्या मागे लागलो. इंटरनेटवरचे परीक्षणांचे व्हिडिओ जेवताना बघू लागलो. बायकोनं वरण वाढलं की नाही हे कळायचं नाही, पण कोणत्या लेन्सचे कोपरे मऊ, म्हणजे पुसट, येतात हे पाठ होतं. आणि एकट्यानं खड्ड्यात उडी मारायची हिंमत नसल्यानं मी रामटेकेभाऊंना सोबत ओढलं.

त्यांना आधी पटत नव्हतं. त्यांचा जुना कॅमेरा आणि त्याच्यावरची पन्नासची लेन्स यांच्यात ते सुखी होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन सेन्सरचं क्षेत्रफळ समजावायचो. ते डबा खात ऐकत राहायचे. एक दिवस मी सहज बोलून गेलो की फुल फ्रेममध्ये त्याच लेन्सनं जास्त मावतं. त्यांचा घास हातातच राहिला.

"जास्त मावते? म्हंजे सगळे मावतीन?"

मी म्हणालो, भाऊ, अख्खी ग्रामपंचायत मावेल. कोण सगळे, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी माझ्या विजयात होतो.

अशी आमची भागीदारी ठरली. भावाभावांत एक बैलजोडी असते तसं. दोघांनी एकाच कंपनीचे कॅमेरे घ्यायचे आणि लेन्स वाटून घ्यायच्या. कॅमेरे आले. माझ्या वाट्याला मी दीडशे ते सहाशेची भलीमोठी लेन्स घेतली, आणि जवळचं टिपायला एक चोवीस ते सत्तरची. दीडशे ते सहाशे उचलून धरली की माझा खांदा संध्याकाळपर्यंत बोलत नसे. तळ्यावरच्या पक्ष्यांसाठी ती घेतली होती. पक्षी दिसला, मी लेन्स उचलली, डोळ्याला लावली, तोवर पक्षी आपली कामं आटोपून निघालेला असायचा. उडून जाणाऱ्या बगळ्यांच्या पाठीमागच्या भागाचा माझ्याकडे जो संग्रह आहे, तो आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसावा.

नवी लेन्स किती तेज आहे हे पाहायला विटांच्या भिंतीचा फोटो काढावा, असं मी वाचलं होतं. वसाहतीत विटांच्या भिंतींना तोटा नाही. एका रविवारी सकाळी मी ट्रायपॉड लावून कुंपणाजवळची एक छान भिंत निवडली आणि वेगवेगळ्या अपर्चरवर तिचे फोटो काढत बसलो. ही संरक्षण खात्याची वसाहत आहे आणि इथे हातभर लांबीची लेन्स भिंतीवर रोखून बसू नये, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन सुरक्षारक्षक माझ्या दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांनी मला सभ्यपणे चौकीत नेऊन बसवलं. मी त्यांना कोपऱ्यांचा मऊपणा समजावू लागलो, त्यानं त्यांचा संशय वाढला. शेवटी मी रामटेकेभाऊंना फोन लावला. ते घरच्या लुंगीवरच आले. चौकीतल्या साहेबानं माझ्या कॅमेऱ्यातले फोटो त्यांच्यापुढे धरले. भिंत, भिंत, भिंत. भाऊंनी सगळे शांतपणे पाहिले आणि साहेबाला म्हणाले, "साहेब, हा मानूस जासूस नाही. यानं नवी लेन्स घेतली हाये." साहेबाचा मेहुणाही बहुतेक त्याच रोगाचा असावा. त्यानं मला लगेच सोडलं.

भाऊंचंही सुरुवातीला सरळ चाललं नाही. लहान सेन्सरसाठी घेतलेली त्यांची एक जुनी झूम लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसायची, पण पुरायची नाही. फोटोच्या मधोमध गोल चित्र आणि भोवती काळंकुट्ट. हे त्यांना कळलं ते एका साहेबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमानंतर, घरी येऊन पाहिलं तेव्हा. सगळे फोटो असे, जणू साहेबांचा सत्कार विहिरीच्या तळाशी चाललाय आणि आपण काठावरून वाकून बघतोय. मी म्हणालो, आता काय तोंड दाखवायचं. भाऊंनी तेच फोटो छापले, साहेबांच्या घरी नेऊन दिले आणि सांगितलं, की बाकीच्यांना मुद्दाम अंधारात ठेवलंय, दिवस तुमचा होता. साहेबांच्या बाईंनी त्यातला एक दिवाणखान्यात लावला.

आणि त्यांची पन्नासची लाडकी लेन्स. लहान सेन्सरवर ती माणसाला जवळ आणायची. नव्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स आजूबाजूचं सगळं दाखवू लागली. भाऊ नाराज झाले. मला म्हणाले, या कॅमेऱ्यानं माझी मानसं दूर पाठवली. त्यांना पूर्वीसारखा चेहरा हवा होता, म्हणून मी आकडेमोड करून त्यांना पंच्याऐंशीची लेन्स घ्यायला लावली. कागदावर माझा हिशेब बरोबर होता. पंच्याऐंशीनं चेहरा इतका सुरेख यायचा की पाहणाऱ्याला त्या माणसाबद्दल आदर वाटावा. फक्त तिच्यात दोन माणसं बसवायची तर बरंच मागं सरकावं लागे, आणि आमच्या क्वार्टरांच्या बैठकीत मागं सरकायला भिंतीशिवाय काही नाही. एका नामकरणात भाऊ मागं सरकत सरकत दारातून बाहेर गेले, जिना ओलांडला, समोरच्या बोरकरांच्या घरात शिरले आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी फोटो काढला. बाळाच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात बोरकरवहिनींची कढई आहे. तेव्हापासून कुणीही लेन्सबद्दल सल्ला विचारला की ते आधी बैठक केवढी आहे ते विचारत.

मागं सरकणं हा मग त्यांचा स्वभावच झाला. कॅमेरा डोळ्याला, पाऊल मागं. मागं काय आहे हे बघत नसत. गुलाबाच्या वाफ्यात, मांडवाच्या खांबावर, एकदा जिलबीच्या परातीत. लोक ओरडून सावध करत, आणि ते डोळा न काढता हात वर करून सांगत, "पाहून घेऊ दे ना."

'सगळे' म्हणजे कोण, हे मला निर्मलावहिनींनी सांगितलं. भाऊंचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गेलं. गाव उठायची वेळ आली तेव्हा दोन तट पडले. एक म्हणायचे, आज ना उद्या जायचंच आहे, तर चांगली जागा पाहून आधी जाऊ. दुसरे म्हणायचे, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलायचं नाही. भाऊ नोकरीवाले, क्वार्टरमध्ये राहणारे. त्यांनी घरोघर फिरून लोकांना समजावलं, आणि अर्धं गाव त्यांच्या शब्दावर निघालं. उरलेल्या अर्ध्याचे पुढारी होते त्यांचे सख्खे मोठे भाऊ, शामरावदादा. ते खरोखरच शेवटपर्यंत राहिले. दोन वेगळी गावठाणं झाली. भाऊंची आई वारली ती दादांकडे, आणि त्या दिवशीही दोघे भाऊ शेजारी उभे राहून एकमेकांशी बोलले नव्हते.

"तवापासून दादा यांच्यासंगं बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. "आन् यांनी मनात घेतलं हाये, का सगळ्या गावाचा एक फोटो काढीन. एक म्हंजे एकच. दोन नाही."

दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या विहाराचा ओटा उघडा पडायचा, आणि बुद्धपौर्णिमेला दोन्ही गावठाणांतले लोक तिथं वंदनेला जमायचे. वंदना वेगवेगळी घेता येत नाही म्हणून ती एकत्र व्हायची. त्यानंतर जेवणाच्या पंगती दोन. कॅमेरे घेतल्याच्या पुढच्या वर्षी भाऊ वहिनींसोबत मलाही घेऊन गेले. माझ्याकडे जवळची लेन्सही होती, पण मी कॅमेऱ्यावर दीडशे ते सहाशेच लावून गेलो. समोर माणसं असणार होती, पण वाटेत पक्षी दिसला तर?

ऊन चढायच्या आत वंदना झाली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, ओट्यावर मेणबत्त्या, आणि पुढे ओल्या चिखलाच्या पलीकडे धरणाचं चपटं पाणी. भाऊंनी फोटोची गोष्ट काढली. लोक नाही म्हणाले नाहीत, पण उभे राहिले ते दोन टोळ्या करून. मधून बैलबंडी जाईल एवढी जागा. आणि एका टोळीच्या अगदी शेवटाला, कुंपणाच्या खांबासारखे, शामरावदादा. उंच, वाळके, खांद्यावर शेला, नजर पाण्यावर.

मी तत्परतेनं माझी चोवीस ते सत्तरची लेन्स पुढे केली. चोवीसवर सगळे मावले. भाऊंनी एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहिला, आणि बराच वेळ पाहत राहिले. रुंद लेन्सचा हा दोष असतोच, की मधली माणसं नीट येतात आणि कडेची ताणली जातात. दादांचा चेहरा टोकाला जाऊन आडवा पसरला होता, ओल्या मातीवर कुणी हात फिरवावा तसा.

"दादाचं तोंड असं नाही," भाऊ म्हणाले.

मी म्हणालो, संगणकावर सरळ करता येतं. त्यांनी लेन्स काढून माझ्या हातात दिली आणि थैलीतून गुलाबी टोपडं काढलं. पंच्याऐंशी. मी त्यांना सांगितलं, की हिच्यात एवढे लोक बसवायला फार मागं जावं लागेल. मागं पाणी होतं. ते ऐकत नव्हते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं सरकायला सुरुवात केली.

मी बाजूच्या उंचवट्यावरून पाहत होतो. घोट्याएवढं पाणी झालं, गुडघ्याएवढं झालं. समोरून लोक सांगू लागले, भाऊ, बस करा. आधी एका टोळीतून आवाज आला, मग दुसरीतून, मग सगळेच एका सुरात ओरडू लागले. कमरेएवढं पाणी झालं. भाऊंनी डोळा न काढता हात वर केला. त्यानंतरचं पाऊल त्यांनी कुणाच्या तरी जुन्या खतखड्ड्यात टाकलं असणार, कारण रामटेकेभाऊ एकदम गळ्यापर्यंत खाली गेले.

आता मी इथं काय केलं हे सांगणं भाग आहे, कारण दोन्ही गावठाणांत ते अजून सांगितलं जातं. सगळं गाव 'भाऊ, भाऊ' करत पाण्याकडे धावलं. माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, कॅमेरा वर धरा." आणि त्या भल्या माणसानं तो धरला. पाण्यावर त्यांचं डोकं, आणि त्याच्याही वर एक हात, आणि हातात कॅमेरा. तो हात मोकळा असता तर ते स्वतःला सावरू शकले असते की नाही, ते मला माहीत नाही. मीही धावलो हे खरं आहे, पण आधी माझी लेन्स एका कोरड्या दगडावर नीट ठेवून.

जे पाण्यात उतरले ते कोणत्या टोळीतले हे पाहायला कुणाला वेळ नव्हता. चिखल पाय धरत होता, म्हणून त्यांनी एकमेकांचे हात धरले. पुढच्यानं भाऊंचा सदरा पकडला, मागच्यांनी ओढलं, आणि भाऊ एकदाचे काठावर आले. नाकातोंडात पाणी गेलं होतं. खोकत होते. निर्मलावहिनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, त्यातल्या काही औषधाच्या होत्या आणि काही रागाच्या. सगळे भोवती गोळा झाले, चिखलानं माखलेले, धापा टाकणारे.

शामरावदादा पाण्यात उतरले नव्हते. ते सावकाश चालत आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी धाकट्या भावाकडे वरून पाहिलं आणि म्हणाले, "याले पयलेपासूनच जायाची घाई. तवा पाण्याच्या आधी, आता पाण्यात."

मग पाठीमागून एक म्हातारी खुदकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग हसू असं पसरलं की चिखलातले गडी पोट धरून बसले. भाऊ खोकत होते आणि हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं हे त्यांनाच ठाऊक. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला आणि भाऊंच्या अंगावर टाकला.

"आंग पूस," ते म्हणाले.

फोटो त्यानंतर झाला. काठावर ओढताना कॅमेरा वाचला, पण पंच्याऐंशीचं तोंड पाण्यात बुडालं होतं, ती गेली ती गेलीच. भाऊंनी पन्नासची काढली. आता लोक पुन्हा आपापल्या टोळीत गेले नाहीत. ज्यानं ज्याचा हात धरला होता तो त्याच्याच बाजूला उभा राहिला, आणि मधली बैलबंडीची वाट बुजली. पन्नासमध्ये सगळे आरामात मावत होते. भाऊंनी कॅमेरा माझ्या हातात दिला, कारण या फोटोत त्यांनाही असायचं होतं. ते जाऊन दादांच्या शेजारी उभे राहिले, ओला सदरा आणि खांद्यावर दादांचा शेला.

माझ्या आयुष्यातला हा एक फोटो, जो महत्त्वाचा होता. मी अपर्चर एक पॉइंट आठवर ठेवलं. का, तर पार्श्वभूमी सुंदर धूसर येते असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. नेमकं तेव्हा एक कुत्रं आलं आणि गावाच्या आणि माझ्या मधोमध बसलं. दोन्ही गावठाणांपैकी कुणाचंच नव्हतं ते. मी बटण दाबलं, चार-दोन वेळा दाबलं. लहानशा पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं. मी अंगठा वर करून सांगितलं, उत्तम आलाय. लोक जेवायला गेले. त्या दिवशी पंगत एकच बसली होती.

घरी येऊन संगणकावर लावला तेव्हा कुत्रं स्पष्ट होतं. त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. ओल्या नाकावर उन्हाचा ठिपका होता. आणि त्याच्या मागे सगळं गाव धुक्यात उभं होतं. सगळ्या फोटोंत तेच.

मी भाऊंना तोंड कसं दाखवावं या विचारात दोन दिवस आजारीपणाची रजा काढली. मग हिंमत करून गेलो. सांगितलं, की नव्या सॉफ्टवेअरनं चेहरे तेज करता येतील. करूनही दाखवलं. सगळे जण मेणाचे झाले. भाऊंनी ते पाहिलं, मग माझा मूळ फोटो पाहिला, खुर्ची मागं सरकवून पाहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "मले सगळे ओळखू येतेत."

पुढच्या वर्षी आपण परत काढू, मी म्हणालो. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी तेवढं उतरलं नाही, आणि त्यानंतर ओटा पुन्हा कधी उघडा पडला नाही. ती हसणारी म्हातारी तर फोटोनंतरच्याच हिवाळ्यात गेली. भाऊंनी तो फोटो मोठा करून घेतला आणि नव्या गावठाणातल्या विहाराच्या भिंतीवर लावला. कुत्र्यासकट. खाली ठळक अक्षरांत लिहून घेतलं: 'फोटो – भुरेबाबू, जवाहरनगर'. मी ते काढून टाकायला किती विनवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, कलाकाराचं नाव पायजे. लोक येत, फोटोपुढे उभे राहत, 'मी कुठी हाये?' म्हणून विचारत. भाऊ बोट ठेवून दाखवत, हा धुका हाये ना, थो तू. आणि आश्चर्य म्हणजे लोकांना ते पटायचं. खांद्याची ठेवण, पदराची पद्धत, कुणाचा वाकलेला गुडघा, यावरून ते एकेकाला ओळखत, गेलेल्यांनाही, आणि बराच वेळ तिथून हलत नसत.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी दादांच्या घराला लागून घर बांधलं. मी अधूनमधून जायचो. शेवटचा गेलो तो हिवाळ्यात. भाऊंची तब्येत उतरली होती, लुंगी दोनदा गुंडाळलेली दिसत होती. अंगणात उन्हाला दोघे भाऊ बसले होते. मधे टोपलीत लाखोळीच्या शेंगा होत्या, त्या सोलत होते. मी आल्याचं त्यांनी पाहिलं, बसायला पाट सरकवला, पण वाद चालू होता तो काही थांबवला नाही. जुन्या घराच्या मागच्या चिंचेचा वाद होता. दादा म्हणत होते, ती चिंच आंबट होती. भाऊ म्हणत होते, गोड होती, साखरेसारखी. दादा म्हणाले, तू लहान होता, तुले का समजते. भाऊ म्हणाले, मी लहान होतो म्हणूनच झाडावर चढत होतो, तुम्ही खाली पडलेल्या खात होते. आता ती चिंच पाण्याखाली. निकाल लागायची काही सोय नव्हती, आणि दोघांनाही ते चांगलं ठाऊक होतं.

मी चहा घेतला, वहिनींना नमस्कार केला आणि निघालो. भाऊ कष्टानं उठून मला पोचवायला फाटकापर्यंत आले. मी गाडी चालू केली. त्यांनी निरोपाला हात वर केला. तेवढ्यात मागून दादा काहीतरी बोलले. बहुतेक चिंचेबद्दलच असणार. भाऊंचा वर गेलेला हात तसाच राहिला, आणि ते माझ्याकडे पाठ करून वळले. त्याच हातानं दादांना काहीतरी ठासून सांगत ते अंगणाकडे चालू लागले. मी थोडा वेळ गाडी चालू ठेवून थांबलो. ते पुन्हा वळले नाहीत.